बुडीत राज्याची बखर



आपण या खुर्चीला कसे अपात्र आहोत, हे अध्यक्षानं आधी सांगायची आपल्याकडे रीत आहे. ती मी मोडतो. वेळ थोडा आहे आणि विषय खोल पाण्यातला.

समुद्राखालच्या राज्यांवर लिहिलेल्या तुमच्या बऱ्याच कथा-कादंबऱ्या मी अलीकडे वाचल्या. राजवाडा मोत्यांचा, सिंहासन शिंपल्याचं, राजाच्या हातात त्रिशूळ (तोही शंकराचा नव्हे, ग्रीकांच्या पोसायडनचा), आणि राजकन्या ठरल्याप्रमाणे माणसाच्या प्रेमात. एवढ्या साम्राज्याची सरहद्द कुठे, जकात कोण घेतं, शेजाऱ्याशी वैर कशावरून, याचा मात्र पत्ता नाही. भांडणच नसेल तर त्या राज्याला इतिहास कुठून येणार?

आपल्या जुन्या कथाकारांना हे ठाऊक होतं. महाभारताच्या वनपर्वातले कालकेय दिवसा समुद्रात दडतात आणि रात्री किनाऱ्यावर येऊन ऋषींना मारतात. अगस्तींनी अख्खा समुद्र पिऊन टाकल्यावरच ते देवांच्या हाती लागतात. एका आचमनात बुडालेलं, खरं तर कोरडं पडलेलं, साम्राज्य! यावर मराठीत अजून भरदार कादंबरी का नाही, हे मला कोडं आहे. अद्रिका अप्सरा शापानं मासोळी होते, तिच्या पोटी जुळी जन्मतात. मुलगा पुढे मत्स्यराजा होतो, मुलगी कोळ्याच्या घरी वाढून हस्तिनापूरची राणी. म्हणजे कुरुवंशाच्या घरातच पाण्याखालचं रक्त आहे.

आणि आपण ज्या परळमध्ये बसलो आहोत, तिथे समुद्राखालचा एक राजा फार पूर्वीच येऊन गेला. त्याचं नाव संकासुर. वेद चोरून पाण्यात दडलेला हा राक्षस कोकणातल्या दशावतारात आणि नमनात काळ्या वेशात येतो, आणि मरायच्या आधी सगळ्यांना हसवून घेतो. गिरणीत राबायला आलेल्या कोकणी माणसानं ही सोंगं पेटीत घालून लालबाग-परळला आणली. १९२२ साली उभं राहिलेलं दामोदर नाट्यगृह हे त्यांच्या कलेचं हक्काचं घर झालं. ज्ञान चोरणारा, विनोदी, हरणार हे माहीत असूनही मिजास न सोडणारा जलसम्राट आपल्याकडे असताना पोसायडन उसना कशाला आणायचा?

परदेशी लेखकानं मात्र आपल्याकडूनच घेतलं. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो कोण, हे १८७५ च्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये उघड होतं: बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात सगळं गमावून पाण्याखाली गेलेला. भा. रा. भागवतांनी व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, पण नेमोचा हा वारसा आपण पुढे चालवला नाही.

आता मुंबईकडे वळतो, कारण मला खरं सांगायचंय ते इथे आहे. या शहराचा इतिहास पाण्याखालून वाचून बघा. वर जिला भराव म्हणतात, ती खाली चढाई ठरते. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात वरळीची खाडी बांध घालून अडवायचं काम सुरू झालं. आख्यायिका अशी की बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता. मग रामजी शिवजी या प्रभू इंजिनियरच्या स्वप्नात देवी आली, तिची मूर्ती समुद्रातून बाहेर काढली, तेव्हाच बांध टिकला, आणि महालक्ष्मीचं देऊळ उभं राहिलं. भाविकाला हा चमत्कार वाटेल. मला विचाराल तर हा तह आहे. खालच्यांची अट मान्य केल्याशिवाय वरच्यांचा दगड टिकला नाही.

पुढच्या चढाया तहाविना झाल्या. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं कापसाचा भाव चढला, त्या पैशाच्या नशेत बॅक बे भरायला कंपनी निघाली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि कंपनी बुडाली. जलराज्याच्या दरबारात त्या वर्षी साखर वाटली असणार.

सरहद्द उलटीही सरकली आहे. १८८० मध्ये खुल्या झालेल्या प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात चिखलाखाली झाडांचे बुंधे सापडले, कित्येक जागच्या जागी उभे, बरेचसे खैराचे. एके काळचं रान पाण्यानं घेतलं होतं. पहिला हक्क कुणाचा, यावर दोन्ही बाजूंचे कारकून शंभर पानं सहज काळी करतील.

अलीकडचा तह २०२२ चा. वरळीच्या कोळ्यांनी सागरी रस्त्याच्या पुलाचे खांब अडवले. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवलं तर बोटी जाणार कशा, हा त्यांचा सवाल होता. त्यांनी २०० मीटर मागितलं, शेवटी १२० वर तोड झाली. कादंबरीकारानं वाटाघाटी शिकाव्यात तर इथून.

दर अनंत चतुर्दशीनंतर लालबागहून एक राजा गिरगावच्या पाण्यात उतरतो. खालच्या इतिहासकारानं याची नोंद कशी केली असेल? पाहुणा, शरण आलेला शत्रू, की दरसाल येणारा दावेदार? हे तुम्ही ठरवा.

या सगळ्याला घाट कुठला द्यायचा, तर बखरीचा. इतिहासकार राजवाड्यांनी १९२४ साली प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर याच किनाऱ्याची आहे. राजे, कुळं, वतनं, मानपान, लढाया, आणि मधूनच सरळ दंतकथा, हे सगळं तिच्यात एका दमात येतं. खोट्या राज्याचा खरा वाटणारा इतिहास लिहायला याहून सोयीचा नमुना मला दिसत नाही.

एक विनंती करून थांबतो. समुद्राच्या तळाची खरी माहिती पुस्तकांत कमी आणि कोळीवाड्यांत जास्त आहे. डोल जाळ्याचा खुंट कुठे रोवायचा, किती वाव पाणी आहे, खडप कुठे लागतं, उधाणाला प्रवाह कसा फिरतो आणि भांगाला कसा, हे तिथल्या म्हाताऱ्या तांडेलांना तोंडपाठ आहे. तुमच्या साम्राज्याचा नकाशा काढायच्या आधी वरळी, माहीम, कुलाबा इथे जा, त्यांना विचारा, त्यांच्या नावानिशी लिहून घ्या. आणि प्रकाशकांनो, अशी पहिली बखर घेऊन कुणी दारात आला, तर ‘हे मुलांचं की मोठ्यांचं’ असं विचारून त्याला परत पाठवू नका.