गॉगलला आतून काय लावायचं, बाहेरून काय?

मी मूळचा बीबीचा. लोणार तालुका, बुलढाणा जिल्हा. पोटापाण्यासाठी कोड लिहितो आणि इथे तुमच्यासोबत रोजच्या वस्तूंमागचं सायन्स उलगडून बघतो.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आलाय. पोरगा आमच्याच भागातला, विहिरीत पोहतो. प्रश्न त्याच्याच भाषेत ऐका: "दादा, गॉगलमध्ये वाफ धरते म्हणून गाडीच्या काचेचा पाणी पळवणारा स्प्रे आतून मारला, तं आता पहिल्यापेक्षा जास्त धुरकट दिसते. असं काहून?"

प्रश्न एकदम भारी आहे. कारण स्प्रेनं त्याचं काम चोख केलंय, फक्त चुकीच्या बाजूला.

आधी बाहेरची बाजू बघू. अळवाच्या पानावर पाणी टाका. थेंब मोत्यासारखा गोल होतो आणि घरंगळून जातो. "अळवावरचं पाणी" आपण म्हणतो ना, तेच. थेंब पृष्ठभागाला जिथे टेकतो, तिथे एक कोन तयार होतो. तो ९० अंशांपेक्षा जास्त असेल तर त्या पृष्ठभागाला पाणी नकोसं आहे. अळू आणि कमळाच्या पानावर हा कोन १५० अंशांच्या पुढे जातो. पानावर मेणाचा थर असतो आणि त्यात बारीक बारीक उंचवटे. थेंब त्यांच्या टोकांवर बसतो, खाली हवा अडकलेली असते.

गॉगलच्या बाहेरून लावतात ते कोटिंग याच दिशेचं. डोकं पाण्याबाहेर आलं की थेंब चिकटून राहत नाहीत, ओघळून जातात. तलावात याचा फार फरक पडत नाही. पण समुद्रात, म्हणजे मालवणच्या चिवला बीचसारख्या ठिकाणी, लांबचा बोया शोधायला एक-दोन सेकंदच मिळतात. पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ मध्ये 'ओशन्स सेव्हन'च्या सातही सामुद्रधुनी पूर्ण केल्या. अशा तासन् तासांच्या पोहण्यात स्वच्छ दिसणं ही चैन नसते.

मग गॉगलला थेट अळवासारखंच का नाही करत? दोन कारणं. एक, गुळगुळीत पृष्ठभागावर फ्लोरिनवालं चांगलं कोटिंग लावलं तरी कोन साधारण १२० अंशांपर्यंतच जातो. पुढे जायचं तर उंचवटे हवेत, आणि ते बोटाने घासले तरी जातात. दुसरं कारण घरीच बघा. अळवाचं पान पाण्यात बुडवा आणि तिरकं करा. चांदीसारखं चमकतं! ती अडकलेली हवा आरशासारखं काम करते. आता हाच आरसा डोळ्यांसमोर लावून पोहायचं का?

आता आतली बाजू. तिथे पाणी बाहेरून येत नाही. डोळ्यांभोवतीची ओलसर, गरम हवा थंड लेन्सला लागते आणि वाफेचे बारीक थेंब होतात. हजारो थेंब प्रकाश इकडेतिकडे फेकतात, म्हणून धुरकट दिसतं. थेंब होऊच नयेत, पाणी सपाट पसरावं, अशी सोय आत हवी. पातळ सपाट थरातून आरपार दिसतं. म्हणून आतलं अँटी-फॉग कोटिंग पाण्याला जवळ करणारं असतं. आपल्या दोस्ताने आत पाणी पळवणारा स्प्रे मारला, म्हणजे थेंबांना थेंबच राहायला सांगितलं!

आणखी एक गोष्ट. तो स्प्रे काचेसाठी बनलेला असतो. गॉगलची लेन्स बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिक. स्प्रेमधल्या सॉल्व्हंटमुळे त्यावर बारीक तडे जाऊ शकतात. आणि आत लावलेलं पाण्यासोबत थेट डोळ्यात जातं. त्यामुळे मित्रा, तो गॉगल आता बाजूला ठेव. डोळे चुरचुरत असतील तर डॉक्टरांना दाखव.

मग करायचं काय? आत बोट किंवा टॉवेल घासू नका, कोटिंग त्यानेच जातं. पोहून झालं की साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत वाळवा. कोटिंग गेलंच असेल तर गॉगलसाठीच मिळणारा अँटी-फॉग स्प्रे घ्या, किंवा जुना जुगाड: आतून थोडी थुंकी फिरवायची आणि हलकंसं खळबळून घ्यायचं. हसू नका, अनेक पोहणारे हेच करतात. थुंकीमुळे पाणी काही वेळ सपाट पसरतं.

शेवटचं, आणि हे विहिरीत पोहणाऱ्यांसाठी. गॉगल घालून काठावरून उडी मारू नका, तळ गाठायलाही जाऊ नका. ५ मीटर खोलीवर दाब वरच्यापेक्षा दीडपट होतो. डायव्हिंग मास्कमध्ये नाकाने हवा सोडून तो दाब सावरता येतो. गॉगलमध्ये नाक बाहेर असतं, त्यामुळे सगळी ओढ डोळ्यांवर येते.

तर लक्षात ठेवायला सोपं: बाहेरून अळू, आतून ओली पाटी. विहिरीवर जाणाऱ्या तुमच्या ग्रुपला हा एपिसोड पाठवा आणि पुढचा प्रश्न व्हॉइस नोटवर टाका. आपल्या बोलीतच टाका. भेटू!