लांडगा गेला रे गेला!



दिवाळीच्या सुट्टीत माझी सातवीतली नात सोलापूरला आमच्याकडे आली होती. दुपारभर वहीत मान घालून काहीतरी काढत बसायची. एकदा मी सहज डोकावलो, तर नकाशा! त्यात नदी होती, डोंगर होते, गुहा होती आणि सगळ्यांभोवती सीमेची ठिपक्या-ठिपक्यांची रेघ. ‘‘हे काय गं?’’ म्हटलं, तर म्हणाली, ‘‘आजोबा, हे माझ्या टोळीचं राज्य. माझे प्राणी अर्धे लांडगे आहेत आणि अर्धे कुत्रे. लांडग्यासारखे शूर आणि कुत्र्यासारखे इमानी.’’ प्रत्येकाला नाव होतं, प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. राज्यात कोणकोणते प्राणी राहतात त्याची यादीसुद्धा होती : सांबरं, अस्वलं, बर्फातले पांढरे ससे.

मी म्हटलं, ‘‘बर्फात कशाला जातेस? लांडग्यांचं राज्य आपल्या घरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे.’’ तिला काही ते खरं वाटेना. मग दुसऱ्या दिवशी पहाटेच तिला घेऊन बार्शी रस्त्यानं नान्नजला गेलो. आज मी तुम्हालाही तिकडेच घेऊन जाणार आहे. मी काही शास्त्रज्ञ नव्हे. माळावर हिंडायची जुनी खोड असलेला एक साधा सोलापूरकर आहे.

नान्नज म्हटलं की आपल्याला माळढोक आठवतो. त्याच्यासाठीच १९७९ साली इथे अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, अशा दोन जिल्ह्यांत मिळून त्याचं क्षेत्र कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं आली, शेतं आली, रस्ते आले. पुढे २०१२ साली ते सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणण्यात आलं. आज तिथे माळढोक दिसणं ही बातमी होण्याइतकी दुर्मीळ गोष्ट झाली आहे. पण त्याच माळावर दुसरा एक रहिवासी अजून टिकून आहे. त्याच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही, आणि बोललो तर चांगलं बोलत नाही. तो म्हणजे लांडगा.

आपल्याकडचा लांडगा परदेशी चित्रपटांतल्यासारखा केसाळ आणि धिप्पाड नसतो. अंगानं सडपातळ, पायानं उंच, वजनाला वीस किलोच्या आसपास. रंग वाळलेल्या गवताचा. कुसळीच्या आणि पवन्याच्या गवतात बसला, तर पंचवीस पावलांवरूनही दिसायचा नाही. त्याच्या राज्यात सांबर आणि अस्वल नाही, पण काळवीट आहे, ससा आहे, खोकड आहे, कुठे कुठे तरस आहे. चंडोल आहे, धाविक आहे, थंडीत दूरदेशाहून येणारे भोवत्या ससाणे आहेत. पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसाचा हा मुलूख. त्यात एवढी वस्ती राहते हेच नवल आहे.

लांडग्यांची टोळी म्हणजे काय? टोळी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर दरोडेखोर येतात. प्रत्यक्षात ते एक कुटुंब असतं. आई, बाप, यंदाची पिल्लं आणि गेल्या वर्षीची मोठी झालेली भावंडं. आई बिळापाशी थांबते तेव्हा बाकीचे शिकार करून पोटातून अन्न आणतात आणि पिल्लांपुढे ओकून टाकतात. आपल्या भागात पिल्लं साधारण थंडीत होतात, म्हणजे ज्वारी उभी असते आणि आपण हुरडा खायला शेतात जातो त्याच दिवसांत. ओढ्याच्या काठाला, झुडपाखाली बीळ असतं. नान्नज परिसरातल्या लांडग्यांवर सतीश कुमार आणि बिलाल हबीब या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. माणसाचा वावर असलेल्या या मुलखात लांडगे आपली बिळं कशी बदलत राहतात, यावर त्यांचा शोधनिबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. पिल्लं तोंडात धरून एका बिळातून दुसऱ्या बिळात न्यायची, हा खेळ नाही. बिळापाशी फोटो काढायला जाणाऱ्या हौशी मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

आणि या कुटुंबाची हद्द? ती शे-दोनशे चौरस किलोमीटरची असू शकते. एवढ्या हद्दीला कुंपण कसं घालायचं? लांडगा ते वासानं घालतो. पायवाटांच्या चौकात, दगडावर, झुडपावर मूत्राची आणि विष्ठेची खूण ठेवतो. रात्री लांब हेल काढून शेजारच्या टोळीला कळवतो की, आम्ही इथे आहोत. माझ्या नातीची ठिपक्यांची रेघ म्हणजे हीच.

त्या पहाटे आम्हाला लांडगा दिसला नाही. पण एका गाडीवाटेच्या फाट्यावर वाळलेली विष्ठा दिसली, तिच्यात सशाचे केस होते. शेजारी धुळीत पंजाचे ठसे. मी मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘‘बघ, हा लांडगा!’’ पोरगी वाकून बघत म्हणाली, ‘‘हे कुत्र्याचे नाहीत कशावरून?’’

श्रोतेहो, मी निरुत्तर झालो. कारण कुत्र्याचा आणि लांडग्याचा ठसा खात्रीनं वेगळा ओळखणं जाणत्यालाही अवघड जातं. आणि दुसरं कारण जास्त गंभीर आहे. तो प्राणी कदाचित दोन्ही असू शकला असता.

पुणे जिल्ह्यातल्या माळांवर लांडग्यांचं निरीक्षण करणाऱ्या काही निसर्गप्रेमींना टोळीत वेगळ्याच रंगाचे प्राणी दिसू लागले. चेहरामोहरा लांडग्याचा, पण अंगाचा रंग लांडग्याचा नाही. पुण्याची ‘द ग्रासलँड्स ट्रस्ट’ ही संस्था आणि बंगळुरूच्या ‘एनसीबीएस’ व ‘अत्री’ या संशोधन संस्थांमधले शास्त्रज्ञ एकत्र आले. जनुकांची तपासणी झाली आणि २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेला आहे. भारतात हे जनुकीय पुराव्यानिशी प्रथमच सिद्ध झालं. पुण्याचा आणि आपला माळ काही परका नाही. इंदापूर ओलांडलं की सोलापूर जिल्हा लागतो, आणि लांडग्याला जिल्ह्याची हद्द ठाऊक नसते.

हे होतं कसं? लांडग्याचं पिल्लू साधारण दोन वर्षांचं झालं की घर सोडतं. जोडीदार शोधायला, नवी हद्द शोधायला एकटंच निघतं. पूर्वी दोन-चार माळ ओलांडले की दुसरी टोळी भेटायची. आता मधे काय लागतं? ऊस लागतो, प्लॉटिंग लागतं, कारखाना लागतो, चौपदरी रस्ता लागतो. लांडगा भेटत नाही. भेटतात ती कुत्री. गावाबाहेर मेलेली जनावरं टाकायची जागा असते, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर फेकलेल्या असतात, ढाब्यामागे खरकटं असतं. तिथे मोकाट कुत्र्यांची झुंड पोसली जाते. त्याच उकिरड्यावर भुकेला लांडगाही येतो. कुत्रा आणि लांडगा यांचं नातं इतकं जवळचं की त्यांची पिल्लं वांझ नसतात. तीही पुढे वाढतात.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? कुत्रा तरी लांडग्यापासूनच आला ना? आला. पण जगातल्या लांडग्यांच्याही शाखा आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासानं दाखवलं की, आपला भारतीय लांडगा ही आज हयात असलेल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी एक आहे. कुत्रा ज्या लांडग्यांपासून झाला ते याच्यापासून फार आधी वेगळे झाले होते. उन्हातान्हात, कमी पाण्यावर, खुरट्या माळावर जगायची विद्या या लांडग्यानं हजारो पिढ्यांत कमावली. देशभरात मिळून तो आज सुमारे तीनच हजार उरला आहे. कुत्री कोट्यवधी आहेत. मूठभर साखर तळ्यात टाकली तर तळं गोड होत नाही, साखरच नाहीशी होते. तसंच हे आहे.

शिवाय कुत्र्यांबरोबर रोग येतात. इथिओपियाच्या बाले पर्वतात तिथला दुर्मीळ लांडगा राहतो. सगळे मिळून पाचशेसुद्धा नाहीत. गुराख्यांच्या कुत्र्यांकडून आलेल्या पिसाळ रोगानं २००३ साली तिथल्या कित्येक लांडग्यांचा बळी घेतला. कुत्र्यांशी संकर हेही तिथलं जुनं दुखणं आहे. त्यावर तिथे उपाय केला तो साधा : आजूबाजूच्या गावांतली कुत्री लसीकरणाखाली आणली.

आता मेंढपाळाची बाजूही ऐकू या, कारण लांडग्याचा खर्च तोच भरतो. मार्डीकडच्या माळावर एका म्हाताऱ्या धनगरबुवांशी माझी जुनी ओळख आहे. लांडग्यानं कोकरू नेलं तर काय वाटतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, ‘‘वाईट वाटतंय की! पन त्याचा वाटा त्येला. त्यो एक उचलतोय आन् जातोय. ही कुत्री आली म्हंजी धा-पंधरा फाडून टाकत्यात आन् खात एक न्हाईत.’’ लांडगाही कधी वाड्यात शिरला तर एकावर थांबत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या बोलण्यात एक व्यवहार आहे. लांडग्यानं जनावर मारलं तर पंचनामा होऊन वन खात्याकडून भरपाई मिळते. कुत्र्यांनी मारलं तर तिथून काही मिळत नाही. आणि आज या माळावर, उद्या त्या माळावर असणाऱ्या मेंढपाळाला पंचनामा होईपर्यंत थांबणंही जड जातं. ज्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या लांडग्याला वाटा दिला, त्याच्या हातात भरपाई वेळेवर पडली पाहिजे.

भीतीचंही सांगतो. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या बहराइच जिल्ह्यात लांडग्यांच्या हल्ल्यांत लहान मुलं दगावली. ज्यांच्या घरातलं मूल गेलं त्यांना लांडगा वाचवा म्हणून सांगायची माझी प्राज्ञा नाही. पण लांडगा एरवी माणसाला बिचकून असतो. कुत्र्याचं तसं नाही, तो माणसाच्या उंबऱ्याशी वाढलेला. दोघांच्या पिल्लाची माणसाविषयीची भीड कमी झाली तर काय, ही काळजी अभ्यासकांना वाटते. म्हणजे लांडगा लांडगाच राहणं हे आपल्याही सोयीचं आहे.

मग करायचं काय? १९७२ च्या कायद्यानं लांडग्याला वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत बसवलं आहे. पण कायदा गोळी थांबवतो, संकर थांबवत नाही. त्यासाठी काम गावातच करावं लागेल. मेलेल्या कोंबड्या आणि जनावरं उघड्यावर टाकू नयेत, खड्डा करून पुरावीत. माळालगतच्या गावांतल्या कुत्र्यांना लस टोचावी, त्यांची नसबंदी करावी. आणि माळाला ‘पडीक’ म्हणणं आपण सोडून द्यावं. सरकारी कागदावर पडीक लिहिलं की तिथे कुणीतरी झाडं लावतो, कुणी प्लॉट पाडतो. झाडं लावणं पुण्याचं काम खरं, पण गवताच्या राज्यात दाट झाडी उभी केली तर काळवीट कुठे पळणार, धाविक घरटं कुठे करणार? गवत हेच तिथलं जंगल आहे.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्यात शेवटी लांडगा खरोखरच येतो आणि कुणी धावत नाही. आपल्या माळावर उलटं होण्याची भीती आहे. लांडगा खरोखरच जाईल आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही. माळढोक गेला तेव्हा माळ रिकामा दिसला, म्हणून निदान चुटपुट तरी लागली. लांडगा असा गेला तर त्याच्यासारखंच दिसणारं काहीतरी माळावर फिरत राहील, आणि आपण नातवंडांना बोट दाखवून सांगू, बघ, तो लांडगा.

परतीच्या वाटेवर नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘आजोबा, म्हणजे माझी टोळी वाईट का हो?’’ मी म्हटलं, ‘‘नाही गं, वहीत खुशाल असू दे. वहीतल्या राज्यात कुणाची जागा कमी पडत नाही.’’

ती सुट्टी संपून गेली तेव्हा मी तिला एक कबूल केलं आहे. पुढच्या थंडीत आम्ही पुन्हा नान्नजला जाणार, बिळापासून लांब, बांधावर बसून वाट बघणार. दिसला तर दिसला. दिसला नाही, तरी रात्री त्याचा तो लांब हेल एकदा कानावर यावा, एवढीच इच्छा आहे. नमस्कार.