न्यूयॉर्क ते खामगाव

खामगावच्या अलायन्स मिशनची गोष्ट सुरू होते न्यूयॉर्कमध्ये. तेथील तेराव्या रस्त्यावरच्या प्रेसबिटेरियन चर्चचे पाळक होते ए. बी. सिम्प्सन. सुमारे शंभर गरीब इटालियन स्थलांतरितांना मंडळीत घ्यावे, असा त्यांचा आग्रह. प्रतिष्ठित सभासदांना तो रुचला नाही. १८८१ मध्ये सिम्प्सन बाहेर पडले. पुढे त्यांनी उभारलेल्या अलायन्स मिशनचे लोक वऱ्हाडात आले. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर मिशनने खामगावात अनाथ मुलींना आसरा दिला. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलडाण्यात आले १९०५ मध्ये.) धर्मप्रसाराचा हेतू होताच, तो कशाला लपवायचा? पण आईबाप गमावलेल्या पोरीपुढे तेव्हा प्रश्न भाकरीचा होता.