टाळू शिवली, कान राहिला

दुभंगलेल्या टाळूची शस्त्रक्रिया रेणापूर तालुक्याला नवी नाही. याच तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. विठ्ठल लहाने लातुरात ‘स्माइल ट्रेन’ या संस्थेच्या मदतीने ती मोफत करतात. ‘ग्रहणात विळी हातात धरली म्हणून लेकरू असं झालं’ असे म्हणत बाळ लपवण्याचे दिवस त्यामुळे मागे पडत चालले आहेत. माझे बोलणे शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांबद्दल आहे. टाळू शिवली की काम झाले, असे घरचे समजतात आणि कान तपासायचा राहून जातो.

कानाच्या पडद्यामागे हवेची पोकळी असते. एका नळीने ती नाकामागच्या भागाशी जोडलेली असते. आपण गिळतो तेव्हा टाळूचे स्नायू ही नळी क्षणभर ओढून उघडतात आणि आत हवा जाते. टाळू फाटलेली असली की हे स्नायू जागेवर नसतात, नळी उघडत नाही, आतली हवा शोषली जाते आणि तिथे चिकट पाणी साचते. नुसता ओठ फाटलेल्या मुलाला हा त्रास सहसा होत नाही. टाळू फाटलेल्यांचे मात्र वेगळे आहे. पिट्सबर्गला डॉ. पॅराडाइज आणि सहकाऱ्यांनी अशी 50 बाळे तपासली आणि 1969 च्या निबंधाच्या शीर्षकातच हा आजार सार्वत्रिक असल्याचे म्हटले. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून आईला पत्ता लागत नाही. ऐकणे साधारण 20 ते 30 डेसिबलने उतरते. हाक ऐकू येते, पण हलके स, थ, फ निसटतात. शस्त्रक्रियेनंतरही पोर ‘बाबा’ला ‘मामा’ म्हणत असेल, तर तो दोष बहुधा टाळूचा. पण ‘सात’ आणि ‘हात’ यांतला फरकच ज्याला नीट ऐकू आला नाही, त्याच्या बोलण्याचे खापरही आपण टाळूवरच फोडतो.

मग टाळू शिवतानाच प्रत्येकाच्या पडद्यात ग्रोमेट, म्हणजे हवा खेळवणारी बारीक नळी, बसवून टाकावी का? भूल दिलेलीच असते, एका खर्चात दोन कामे. हा युक्तिवाद मोहात पाडणारा आहे, पण मला पटत नाही. ग्रोमेट बहुधा सहा महिने ते वर्षभरात गळून पडते. मूळ दुखणे कायम असल्याने पाणी पुन्हा भरू शकते, आणि पुन:पुन्हा बसवल्याने कान वाहण्याचा, पडद्याला भोक राहण्याचा धोका वाढतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेनेही 2008 मध्ये आधी कानाची आणि ऐकण्याची नीट तपासणी करा, मगच टाळू शिवताना ग्रोमेट बसवा, असे सुचवले आणि श्रवणयंत्राचा पर्यायही मांडला. दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, वय वाढले की पाणी आपोआप आटते. पुष्कळांचे आटतेही, पण त्याला वर्षे लागतात आणि बोली तर पहिल्या तीन-चार वर्षांतच रुजते. गोड्या तेलाचे थेंब घालणाऱ्यांना एवढेच सांगतो की तेल पडद्याच्या अलीकडे राहते आणि पाणी पलीकडे असते.

तेव्हा निर्णय ऐकण्याच्या तपासणीवर व्हावा आणि मूल पुन्हा दाखवायला येईल का, यावरही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात यंत्राचे सेल आणायचे कुठून? ग्रोमेट बसवले आणि फडावर कान वाहू लागला, तर दाखवायचा कुणाला? ग्रोमेट घेऊन विहिरीत सूर मारणाऱ्या पोराचा प्रश्न आणखी वेगळा. ‘एवढी तपासणी करणार कोण?’ हा आक्षेप रास्त आहे, पण यंत्रणा आहे. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत फाटलेली टाळूही आहे आणि कानाचे आजारही. अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी त्यात वर्षातून दोनदा ठरलेली आहे. तिथे टाळू शिवलेल्या मुलाच्या नावापुढे खूण करून त्याला कान तपासायला लातूरला धाडावे. पडद्यामागे पाणी आहे का, हे दाखवणारी टिंपॅनोमेट्री काही मिनिटांची असते. फक्त दोनपैकी एक फेरी दिवाळीआधी, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी धरावी लागेल आणि दुसरी उन्हाळ्यात, टोळ्या गावी परतल्यावर.