मामाचा डोंगा, मे महिना आणि धुराडं झालेलं इपॉक्सी

इअरफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा. आजच्या गोष्टीत माझा मामा आहे आणि तो मोठ्यानंच बोलतो.

मी अकोल्याचा. आजोळ मोर्शी तालुक्यात, अप्पर वर्धा धरणाच्या काठी. मामा धरणात जाळं टाकतो. त्याचा लाकडी डोंगा तळातून सडायचा. मग डांबर लावा, फटीत सुतळी कोंबा, पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मी म्हटलं, "मामा, यंदा मी बनवून देतो. बारा फुटी, प्लायवूडचा, वरून इपॉक्सी आणि फायबर." मामा म्हणाला, "पाय बाप्पा. त्याच्यात बसनार त मी हाव, तू नाई."

हे खूळ डोक्यात आलं ते 'म्हादेई'मुळे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली 56 फुटी शिडाची बोट. ऑगस्ट 2009 मध्ये नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटेच निघाले आणि मे 2010 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी त्याच बोटीतून कुठेही न थांबता जगाला फेरी मारून आले. आणि ही बोट आतून लाकडाची! सीडरच्या पट्ट्यांचा गाभा, त्यावर इपॉक्सी आणि काचेच्या धाग्याचं कापड. मला वाटलं, लाकूड जगाला फेरी मारतं, तर मोर्शीत का नाही टिकणार?

टिकतं. फक्त लाकडापर्यंत पाणी पोचू द्यायचं नाही. सगळा खेळ एवढाच.

आता माझे पराक्रम ऐका. इपॉक्सीचे दोन डबे येतात, रेझिन आणि हार्डनर. दोन्ही मिसळले की ते रंगासारखं वाळत नाही. आत रासायनिक क्रिया होते आणि तिची उष्णता निघते. मी मुहूर्त काढला मे महिन्याचा. अकोल्याचा मे! पत्र्याच्या शेडमध्ये आइसक्रीमच्या डब्यात अर्धा किलो एकदम कालवलं. थोड्याच वेळात डबा हाताला चटके द्यायला लागला, धूर निघाला, प्लास्टिक वाकलं. शेजारच्या काकू धावत आल्या, "काय जाळून राह्यला रे?"

कारण सोपं आहे. खोल डब्यात उष्णता कोंडते, त्यानं क्रिया आणखी वेगात होते, आणखी उष्णता निघते. म्हणून थोडंथोडं कालवायचं आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. प्रमाण काट्यावर मोजायचं. माझ्या रेझिनला वजनानं 100 ला 10 होतं, तुमच्या डब्यावर वेगळं असेल. लवकर सुकावं म्हणून हार्डनर जास्त घालू नका. चुना नाही तो. प्रमाण चुकलं तर ते चिकटच राहतं.

दुसरा पराक्रम. गरमीला घाबरून सकाळी सातला हात मारला. दुपारी पाहतो तर सगळीकडे बुडबुडे. लाकडाच्या छिद्रांत हवा असते. ऊन चढलं की ती फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बाहेर येते. म्हणजे हात मारायचा संध्याकाळी, लाकूड थंड होत असताना. तेव्हा हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढलं जातं.

त्यावर मी घाईघाईत कापड टाकलं. काचेचं कापड नीट भिजलं की पारदर्शक होतं, खालचं लाकूड दिसतं. माझ्याकडे जागोजागी पांढरे डाग राहिले. पांढरं म्हणजे आत हवा. तिथं कापड लाकडाला धरतच नाही.

आणि आता खरं सांगतो. निळ्या रंगाचा डबा आणून ठेवलेला होता. दोन हात मारले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मामालाही नाही. ब्रश हातात घेतलाही होता.

पण सप्टेंबर 2021 आठवलं. आमच्या शेजारच्या वरुड तालुक्यात, झुंजला वर्धा नदीत नाव उलटली, 11 माणसं गेली. त्या दुर्घटनेचा माझ्या डागांशी काही संबंध नाही. तरी त्या दिवसापासून आजोळी पाण्याचा विषय निघाला की मामी गप्प होते. मी ब्रश ठेवला आणि मामाला फोन केला. "मामा, बिघडला. पुन्हा करतो." तो एवढंच म्हणाला, "बरं झालं सांगतलं."

हीट गनने तापवून, खरवडून सगळं काढलं. नऊ दिवस गेले. मग थेट नोव्हेंबरात बसलो. आधी नुसत्या इपॉक्सीचा एक हात. कडक झाल्यावर साबणाच्या पाण्यानं धुतलं, कारण वर तेलकट थर येतो आणि त्यावर पुढचा थर धरत नाही. मग सँडपेपर. कोपरे गोल केले, कारण धारेवर कापड उचलतं. कापड कोरडंच पसरलं, मधून कडेकडे जुन्या एटीएम कार्डानं इपॉक्सी ओढलं. विण बुजेपर्यंत आणखी दोन हात. आतूनही हात मारला, कारण पावसाचं पाणी आतच साचतं. स्क्रूचं भोक आधी मोठं पाडून इपॉक्सीनं भरलं, मग त्यात पुन्हा बारीक भोक. शेवटी रंग, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही.

आणि हो, हातमोजे, चष्मा, मास्क. मी पहिल्यांदा उघड्या हातानं केलं, मनगटावर खाज सुटली. काहींना ती ॲलर्जी कायमची होते. घासताना उडणारी काचेची धूळ छातीत जाऊ देऊ नका.

डोंगा पाण्यात उतरवला तेव्हा मामानं आत बसून तळावर हात फिरवला. कोरडा. मग लाइफ जॅकेटकडे बोट दाखवून म्हणाला, "हे बी घालाचं का?"

म्हटलं, "हो मामा. फायबर लाकडाला वाचवते, तुले नाही."

घातलं त्यानं. कुरकुर करतच.

तुम्ही असं काही हातानं बनवलं आणि बिघडवलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकू. भेटूच!