पाटाखालच्या चार विटा



  

व्यायामाने शरीरात काय घडते, याचा आढावा या परिषदेच्या अध्यक्षाने घ्यावा अशी आपली प्रथा. मीही टिपणे काढायला बसले होते. बसल्या जागी मिनिटाला पाचेक लिटर रक्त पुढे ढकलणारे हृदय जोराच्या व्यायामात वीस लिटरपर्यंत जाते. एरवी त्यातला पाचवा हिस्सा स्नायूंच्या वाट्याला येतो, तेव्हा पाचांतले चार हिस्से तेच ओढून घेतात. काम करणाऱ्या स्नायूत मिटलेल्या केशवाहिन्या उघडतात हे ऑगस्ट क्रोग यांनी दाखवले, त्यांना १९२० चे नोबेल मिळाले. लंडनच्या दुमजली बसमध्ये दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी १९५३ साली मांडले. एवढे लिहून झाले आणि पेन थांबले. मला जे बोलायचे आहे ते दुसरेच आहे, आणि त्यासाठी मी बरीच वर्षे वाट पाहिली आहे.

माझी तक्रार आपल्याच तोंडच्या एका वाक्याबद्दल आहे. ‘खाली बसू नका.’

पंचावन्न वर्षांची बाई गुडघा धरून येते. आपण सांगतो, मांडी घालू नका, उकिडवे बसू नका, जिना चढू नका, वजन उचलू नका. माझ्याकडे तर याचा रबरी शिक्का होता. इथे जबलपुरात बहुतेक रुग्ण हिंदीभाषक, म्हणून हिंदीतच करून घेतलेला: ‘ज़मीन पर न बैठें, सीढ़ी न चढ़ें, वज़न न उठाएँ.’ जांभळी शाई. दिवसाला वीस-पंचवीस कागदांवर तो उमटायचा. खमरियाच्या कारखान्यातल्या कामगारांच्या बायका, विड्या वळणाऱ्या बाया, शाळामास्तरणी, सगळ्यांना एकच शिक्का.

हाच सल्ला माझ्या आईलाही मिळाला, दुसऱ्या एका डॉक्टरांकडून, आणि मी मान डोलावली. पाट माळ्यावर गेले. देवघर ओट्याच्या उंचीवर आले. भाजी टेबलावर निवडली जाऊ लागली, न्हाणीघरात कमोड बसला. आईने सगळे पथ्य पाळले. अकरा वर्षांनी एका पहाटे ती न्हाणीघरात घसरली. हाड मोडले नाही, खरचटलेसुद्धा नाही. पण तिला उठता येईना. चार तास ती ओल्या फरशीवर बसून होती. दूधवाल्याने कडी वाजवली, तिची हाक ऐकली आणि शेजाऱ्यांना उठवले. मी पोचले तेव्हा म्हणाली, “अगं, लागलं काहीच नाही. उठायचं कसं तेच आठवेना.”

‘आठवेना’ हा शब्द तिने सहज वापरला. मी शरीरशास्त्राची विद्यार्थिनी, मला तो फार नेमका वाटला. ताकद म्हणजे नुसती स्नायूची जाडी नव्हे. मेंदू आणि मज्जारज्जू एका वेळी किती तंतूंना कामाला बोलावतात, यावरही ती ठरते. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वाढते ती ताकद मुख्यतः या बोलावण्याची असते. स्नायू भरायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि बोलावणे थांबले की उलटा प्रवास सुरू होतो. न वापरलेले शरीर किती वेगाने ढासळते ते १९६६ साली अमेरिकेत डॅलसला दिसले. पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले, तेव्हा निघाले ते असे: प्राणवायू वापरण्याच्या त्यांच्या क्षमतेचे जेवढे नुकसान तीस वर्षांच्या वयाने केले नव्हते, तेवढे त्या तीन आठवड्यांनी केले होते. आपण तर बायकांना वीस-वीस वर्षे जमिनीपासून वर उचलून ठेवतो.

सकाळच्या सत्रात रोज किती पावले चालावीत यावरून वाद झाला. दहा हजार की सात हजार? दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला, हे बाजूला ठेवू. माझी आई रोज सकाळी भंवरताल बागेत चाळीस मिनिटे चालत होती. पडली त्याच्या आदल्या दिवशीही चालली होती. चालताना गुडघा साठेक अंशांत वाकतो, उकिडवे बसताना १२० च्याही पुढे. साठ अंशांत कमावलेली ताकद त्या फरशीवर तिच्या उपयोगी पडली नाही. माझ्यापुरता वाद तिथे संपला.

खाली बसण्यावरचा आक्षेप मला माहीत आहे: गुडघ्यातली कूर्चा झिजते. बीजिंगच्या अभ्यासात तासन् तास उकिडवे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांत झीज जास्त आढळली, हे मी नाकारत नाही. आमच्या विड्या वळणाऱ्या बाया एकाच बैठकीत दिवस काढतात, त्यांचे गुडघे मी पाहिले आहेत. पण तासन् तास बसून राहणे वेगळे आणि बसणे-उठणे वेगळे. कूर्चेला रक्तवाहिनी नसते. दाब पडला की तिच्यातला द्रव बाहेर जातो, दाब सुटला की आत शिरतो. तिचे पोषण असेच होते. सांधा बदललेल्या, हाड मोडलेल्या किंवा सुजलेल्या गुडघ्याबद्दल मी बोलत नाही. मी बोलते आहे ते आपण घाबरवून सोडलेल्या गुडघ्याबद्दल.

आईच्या प्रसंगानंतर थोड्याच दिवसांत एक एकाहत्तर वर्षांच्या आजी आल्या. मी विचारले, काय जमायला हवे? त्या म्हणाल्या, “ताई, मला कुठं चालत जायचं नाहीये. मला महालक्ष्म्यांपुढं पाटावर बसायचंय.” अक्षय्य तृतीया नुकतीच झाली होती, हाताशी चार महिने होते. मी पाटाखाली दोन्ही टोकांना चार-चार विटा रचल्या. पाच आकडे मोजत सावकाश बसायचे, मग उठायचे. असे दहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस. दुसऱ्या दिवशी फोन आला, मांड्या भरून आल्या आहेत. खाली बसताना मांडीचा स्नायू भार पेलत लांबतो. अशा कामाची सवय नसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो ठणकतो आणि मग आपोआप शांत होतो. मी सांगितले, परवा या. त्या आल्या. तीन आठवडे झाले की दोन्हीकडची एकेक वीट काढायची. भाद्रपदात पाट जमिनीला टेकला. त्या बसल्या, आणि एक हात टेकून उठल्या. नंतर एक्स-रे काढला, झीज होती तेवढीच होती.

बोस्टनमध्ये १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा ताकदीचा व्यायाम करून घेतला, तर त्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली. रिओमध्ये ५१ ते ८० वर्षांच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसवून उठवले, टेकलेल्या प्रत्येक हाता-गुडघ्याचा एक गुण कापला. ज्यांचे गुण कमी, ती माणसे पुढच्या सहा-सात वर्षांत जास्त संख्येने गेली. परदेशात याची परीक्षा घेतात. आपल्या घरात हे दिवसातून वीसदा घडत होते, आणि ते आपण पांढरा कोट घालून बंद पाडले.

तेही कोणत्या समाजात? अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. त्यांच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये आपले देशी खेळ दाखवले. औंधच्या राजांनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्याचा खेळ केले. त्या सगळ्यांबद्दल मला आदर आहे. पण पहिलवानाने शेकड्यांनी बैठका मारायच्या आणि त्याच्या आईने पाटावरही बसायचे नाही, हे कोणी ठरवले? दोघांच्या मांडीतला स्नायू एकच आहे, आणि त्याची गरज पहिलवानापेक्षा आईला जास्त आहे.

या परिषदेने एक काम हाती घ्यावे असे मला वाटते. साठीपुढचा जो कोणी आपल्या दवाखान्यात येईल त्याचे वजन आणि रक्तदाब आपण घेतोच. त्याच्या जोडीला त्याला सांभाळून जमिनीवर बसवावे, उठवावे आणि नोंद ठेवावी. तक्ता कसा असावा, नोंदी कोणी गोळा कराव्यात, हे संध्याकाळी बसून ठरवू. मराठीत आणि हिंदीत एक छोटी पुस्तिकाही निघायला हवी.

शिक्का मी त्याच वर्षी नर्मदेत सोडणार होते, मग सोडला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. नवीन मुली शिकायला येतात तेव्हा मी तो त्यांना दाखवते, आणि कोणासाठी काय लिहून दिले होते ते आठवेल तेवढे सांगते.

आता जेवणाची वेळ झाली आहे. व्यवस्था टेबलांवर आहे, पण माझ्या विनंतीवरून संयोजकांनी दक्षिणेकडच्या भिंतीशी पंगतही मांडली आहे. माझे पान तिथे आहे. पाटांशेजारी विटा ठेवल्या आहेत. ज्यांना जितक्या लागतील त्यांनी तितक्या घ्याव्यात.