जुना प्रोसेसर घ्यावा का?



दक्षिण दिल्लीत मुनिरका नावाची वस्ती आहे. एके काळचे हे गाव. आता शहराने त्याला चहूकडून वेढले आहे. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि आय. आय. टी. या दोन्ही संस्था येथून हाकेच्या अंतरावर आहेत. गावातल्या गल्ल्या मात्र इतक्या अरुंद, की समोरासमोरच्या सज्जांत उभ्या असलेल्या माणसांनी हात लांबवले तर चहाचा पेला या घरातून त्या घरात जाईल. या गल्ल्यांतील भाड्याच्या खोल्यांत देशभरचे विद्यार्थी राहतात आणि त्यांत आपली मराठी मुलेही असतात. मी जवळच राहतो. दिल्लीत बरीच वर्षे काढलेला, मराठी बोलणारा काका एवढ्याच पात्रतेवर ही मुले माझ्याकडे सल्ला मागावयास येतात. कधी गॅसजोडणीचा, कधी डॉक्टरांचा आणि अलीकडे संगणकाचाही.

धाराशिव जिल्ह्यातली एक मुलगी विद्यापीठात संशोधन करते. तेरणा नदीच्या खोऱ्यात गेल्या तीन-साडेतीन दशकांत पिके आणि पाणी कसे बदलत गेले, हे ती उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांवरून तपासते. तिचा लॅपटॉप या कामापुढे हतबल झाला होता. एक नकाशा उघडावयाचा तर ती चहा करून, पिऊन, पेला विसळून येई, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. त्या लॅपटॉपची मेमरी वाढविण्याची सोयही नव्हती. दरमहा ८,००० रुपयांच्या वृत्तीतून आणि शिकवण्यांतून तिने ३५,००० रुपये साठविले होते. वसतिगृह सोडून जाणाऱ्या एका मैत्रिणीने आपला पडदा तिला दिला होता. उरलेले यंत्र या रकमेत बसवावयाचे होते आणि प्रबंध पुरा करण्यास तिच्या हाती दोन वर्षे होती.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ती म्हणाली, "काका, दुकानदार म्हणतो, जुन्या प्लॅटफॉर्मचा संगणक घ्या, पैसे वाचतील. घेऊ का?"

प्लॅटफॉर्म या शब्दाने पुष्कळ जण बिचकतात. संगणकाचा प्रोसेसर सुटा चालत नाही. तो मदरबोर्डावरच्या ठरावीक घडणीच्या जागी बसतो, आणि त्या मदरबोर्डाला ठरावीक पिढीचीच मेमरी चालते. कोयंडा बदलला की कुलूप बदलावे लागते, तसेच हे आहे. ए. एम. डी. या कंपनीची ए. एम. ४ ही बैठक २०१६ साली आली, तिच्यावर रायझन प्रोसेसर २०१७ पासून बसू लागले, आणि तिला डी. डी. आर. ४ ही मेमरी लागते. २०२२ साली ए. एम. ५ आली, तिला केवळ डी. डी. आर. ५ चालते. एकीचे सामान दुसरीत जात नाही. मेमरीच्या पट्टीवरची खाचसुद्धा वेगळ्या जागी असते. म्हणून जुने घेणारा एका अर्थी शेवटच्या स्थानकाचे तिकीट काढतो. गाडी पुढे जाणार नाही, हे त्याला आधीच ठाऊक असते.

परंतु आपल्याला उतरावयाचे आहे तेच स्थानक शेवटचे असेल, तर गाडी पुढे जात नाही म्हणून खेद कशाला करावा? तिला दोन वर्षे नकाशे हवे होते. खेळ खेळावयाचे नव्हते, की दर वर्षी नवा प्रोसेसर बसवावयाचा नव्हता. तिची खरी अडचण मेमरीची होती. आम्ही कागदावर दोन्ही हिशेब मांडले. नव्या बैठकीचा खर्च नऊ-दहा हजारांनी अधिक येत होता. ३५,००० मध्ये ती बसवावयाची तर मेमरी ३२ ऐवजी १६ जीबी घ्यावी लागे, म्हणजे ज्या कामासाठी यंत्र घ्यावयाचे, त्याच कामात ते अडले असते. पाच-सात वर्षे यंत्र वाढवीत नेण्याचा ज्याचा विचार आहे, त्याला मी नवी बैठकच घ्यावयास सांगेन. तिच्यासाठी २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर देत राहू, असे कंपनीने सांगितले आहे.

येथवर माझे म्हणणे बरोबर होते. पुढे मात्र मी चुकलो. "जुनी वस्तू आहे, दोन महिन्यांनी आणखी स्वस्त होईल, थांब," असे मी तिला सांगितले. जुन्या सायकलीचा किंवा रेडिओचा अनुभव माझ्या डोक्यात होता. परंतु मेमरी बनविणाऱ्या कारखान्यांनी याच सुमारास जुन्या पिढीचे उत्पादन आवरते घेण्याचे ठरविले. माल कमी होणार हे दिसताच व्यापाऱ्यांनी साठा सुरू केला आणि जूनमध्ये घाऊक बाजारात डी. डी. आर. ४ चा भाव काही काळ डी. डी. आर. ५ च्याही वर गेला! आम्ही नेहरू प्लेसला गेलो तेव्हा दुकानदाराने सांगितलेला मेमरीचा भाव ऐकून ती माझ्याकडे पाहू लागली आणि मी समोरच्या इमारतीचे मजले मोजू लागलो.

नेहरू प्लेस ही दिल्लीतली संगणकांची मोठी बाजारपेठ. मुनिरक्याहून मेट्रोने नेहरू एन्क्लेव्हला उतरावे आणि थोडे चालावे. मोठ्या फरसबंद चौकाभोवती जुन्या उंच इमारती आणि त्यांच्या पोटात शेकडो दुकाने. येथे कार्यालयांनी काढून टाकलेले संगणकही मिळतात. आठ-दहा हजारांत एक चकचकीत पुसलेला संगणक आम्हाला दाखविण्यात आला. प्रोसेसर इंटेलचा, चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३-१४ चा. मोह पडावा असाच भाव होता. तथापि विंडोज १० चा अधिकृत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता, आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझनची दुसरी मालिका लागते. लिनक्स वापरणाऱ्याला ही अट नाही आणि पत्रे लिहिण्यास, हिशेब ठेवण्यास तो संगणक आजही पुरेल; पण तिच्या नकाशांना तो पुरला नसता. जुन्यातही पायऱ्या असतात. एक जुने पिकलेले असते, एक सुकलेले असते. ए. एम. ४ साठी २०२४ सालीही नवे प्रोसेसर निघत होते.

दुसऱ्या दुकानात रायझन ५ ५६०० दाखविला. सहा गाभ्यांचा, ६५ वॉटचा, चांगला प्रोसेसर. घरमालक विजेचे पैसे युनिटमागे चढ्या दराने घेतो, त्यामुळे वॉटचा आकडा तिने माझ्या आधी विचारला. पण या प्रोसेसरला पडद्यावर चित्र उमटविण्याची शक्ती नाही. त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. दुकानदाराने ही गोष्ट आपण होऊन सांगितली नाही. नावापुढे 'जी' हे अक्षर असलेल्या ५६०० जी मध्ये ती सोय आतच असते. वेग किंचित कमी, पण कार्डाचा खर्च वाचतो. आम्ही तो घेतला.

प्रोसेसर एक वेळ वापरलेला घेण्यास हरकत नाही. तो सहसा बिघडत नाही. मात्र ए. एम. ४ च्या प्रोसेसरला खाली १,३३१ बारीक पिना असतात. वरचा पंखा ओढून काढताना कधी कधी त्याला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून तो उजेडात तिरका धरून पाहावा. मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याचा डबा मात्र नवा घ्यावा, कारण वयाचा परिणाम यांच्यावर आधी होतो. जुन्या मदरबोर्डातील मूळ आज्ञावली अद्ययावत केली नसेल तर तो नंतरच्या प्रोसेसरला ओळखतच नाही. दुकानातच यंत्र चालू करून दाखवा, असा आग्रह तिने धरला. दुकानदार कुरकुरला, पण त्याने दाखविले. चार खाचांचा मदरबोर्ड घेऊन त्यातल्या दोन खाचांत १६-१६ जीबीच्या पट्ट्या बसविल्या. माझ्या एप्रिलमधल्या सल्ल्याची किंमत म्हणून ती खोल्याची पेटी साधी घेऊन आली. एका बाजूला काच असलेली तिला आवडली होती.

तिच्या चित्रांपैकी पुष्कळशी लँडसॅट ५ या उपग्रहाने घेतलेली आहेत. १९८४ साली तो सोडला तेव्हा त्याचे आयुष्य तीन वर्षांचे धरले होते. तो २०१३ पर्यंत काम करीत राहिला. तेरणेच्या खोऱ्याची १९९० नंतरची कोरडी आणि ओली वर्षे आज तिला पाहता येतात ती त्या म्हाताऱ्या उपग्रहामुळे. ही माहिती तिनेच मला दिली, आणि तीही मी जुन्या वस्तूंविषयी काही बोलू लागलो असताना.

२०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीला मोठी मागणी लावली आणि जुन्या-नव्या दोन्ही पिढ्यांचे भाव आणखी भडकले. डिसेंबरात ती घरी आली होती. सोबत निम्न तेरणा धरणाच्या परिसराचा एक नकाशा होता. पूर्वी ज्याला अर्धा दिवस लागे, तो आता एका जेवणाच्या वेळात तयार होतो, असे म्हणाली. मदरबोर्डावरच्या दोन खाचा अजून रिकाम्या आहेत. त्या केव्हा भराव्यात, हे तिने मला अद्याप विचारलेले नाही.